चावणारं, मारणारं, लोळण घेणारं मूल: बालवाडीत आधी काय, नंतर काय

जूनमध्ये अंगणवाड्या, बालवाड्या भरल्या की पंधरा दिवसांत ठरलेले फोन सुरू होतात. "बाई, एक पोरगं आलंय, चावतंय. काय करू?" कधी बेळगावच्या वडगावातून, कधी उचगावातून, कधी खानापूरच्या पलीकडून. मी विचारते, आतापर्यंत काय काय केलंत? उत्तर बहुतेक एकच असतं. समजावलं, रागावलं, कोपऱ्यात बसवलं, आईला बोलावून सांगितलं, आणि परत समजावलं.

घोटाळा क्रमात असतो. चावून झाल्यावर समजावणं हे यादीतलं जवळजवळ शेवटचं काम, आणि आपण तिथूनच सुरू करतो. त्याआधीची कामं राहून जातात, म्हणून तेच पोरगं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा चावतं.

खालची पद्धत दीड ते पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडी असो, शहरातलं खासगी पाळणाघर असो, की नरेगाच्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी ग्रामपंचायतीनं चालवलेलं 'कूसिन मने' असो, क्रम हाच. पैसे लागत नाहीत म्हटलं तरी चालेल. एक वही लागते आणि मदतनीस बाईशी पटावं लागतं. दुसरं जास्त अवघड.

टप्पा १: आठवडाभर फक्त लिहा

शंभर पानी वही घ्या, आडवी धरा, पाच रकाने आखा: वेळ, जागा, त्याच्या आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, त्यावर मोठ्यांनी काय केलं. शेवटचा रकाना बहुतेक जणी गाळतात. सगळं गुपित तिथंच असतं.

एक नोंद दाखवते. मूल अडीच वर्षांचं, घर वडगावच्या बाजूला, घरात माग.

"सोमवार, ११.२०. नळाजवळ. हात धुवायची रांग, हा तिसरा. पुढच्या मुलीच्या दंडाला चावला. बाईंनी त्याला उचललं, नळाजवळ नेलं, तोंड-हात धुऊन बाजूला बसवलं."

पुन्हा वाचा. चावल्यावर त्याला काय मिळालं? रांगेत पहिला नंबर. आपल्या लेखी ती शिक्षा होती, त्याच्या लेखी काम झालं. पाच दिवसांत सहा वेळा चावला, त्यातल्या पाच वेळा अकरा ते पावणेबाराच्या मध्ये. घरून सात वाजता चहा-टोस खाऊन निघालेलं पोर, साडेअकरापर्यंत पोटात दुसरं काही नाही, एकच नळ, आणि रांगेला वीस मुलं. यात हट्ट कुठं आला?

आम्ही दोनच गोष्टी केल्या. पावणेअकराला अर्धं केळं, आणि हात धुवायला पाच-पाचच्या टोळ्या, त्यात हा पहिल्या टोळीत. दोन आठवड्यांनी आठवड्याला एखाद्या वेळेवर आलं. एकदम बंद झालं नाही. कुणी तीन दिवसांत बंद करून देते म्हणाली तर विश्वास ठेवू नका.

नेहमीची चूक: वहीत "खूप वांड आहे", "मुद्दाम करतो", "आईनं लाडावलंय" असं लिहिणं. हे आपलं मत झालं. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा: कुणाला, कशानं, किती वेळ.

दुसरी चूक: संध्याकाळी आठवून लिहिणं. मुलं गेल्यावर आठवतं तो गोंधळ. वेळ आठवत नाही, आणि वेळच तर हवी असते. कमरेला पेन अडकवा, दोन शब्द तळहातावर लिहिले तरी चालेल.

लिहिण्याच्या आठवड्यात हातावर हात ठेवून बसायचं असं नाही. चावणाऱ्या मुलापासून एका हाताच्या अंतरावर कुणीतरी मोठं माणूस असलंच पाहिजे. फक्त उपाय अजून ठरवायचा नाही.

तपासणी. आठवड्याच्या शेवटी वही वाचताना या क्रमानं विचारा:
- भूक, झोप, दुखणं? (कान फुटणं, दात येणं, बद्धकोष्ठ, जंत. जंताची गोळी चुकली का तेही बघा.)
- वाट बघायला लावली होती का? किती मिनिटं?
- गर्दी, आवाज, अरुंद जागा?
- मुलाला काहीतरी सांगायचं होतं आणि शब्द नव्हता?

चारही प्रश्नांना "नाही" आलं तरच "लक्ष वेधून घ्यायला करतो" या कारणाकडे वळा. आपण पहिल्यांदा तेच धरतो.

टप्पा २: मुलाआधी खोली बदला

दोन-तीन वर्षांच्या मुलाचा स्वतःवर ताबा फार थोडा असतो, तो हळूहळू वयानं येतो. तोवर ताब्याचं काम खोलीनं आणि वेळापत्रकानं करायचं.

जागा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच खोली. भिंतीला कपाट, एका कोपऱ्यात धान्याची पोती, मधे मोकळी फरशी. मोकळी लांब फरशी दिसली की मूल पळणारच. सतरंज्या आडव्या-उभ्या टाकून तीन भाग करा: बसून खेळायचा, हालचालीचा, आणि एक निवांत कोपरा. निवांत कोपऱ्यात जुनं घोंगडं, एक उशी, दोन कापडी बाहुल्या. ती शिक्षेची जागा नाही. तिथं एकदा जरी "जा, बस तिकडं" म्हणून पाठवलंत तर कोपरा कायमचा बाद झाला असं समजा.

खेळणी. तीन वर्षांखालच्या मुलांना वाटून खेळणं जमत नाही, आणि ते शिकवण्यात आपण फार शक्ती घालवतो. एक मोठी झगमगीत गाडी ठेवण्यापेक्षा तीन साध्या सारख्या गाड्या ठेवा. देणगीत एकच तीनचाकी आली असेल तर ती मोठ्या मुलांच्या वेळेपर्यंत कपाटावर. देणाऱ्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

वेळ. गोल करून बसवणं दोन-अडीच वर्षांच्यांना पाच मिनिटं, चार वर्षांच्यांना दहा-बारा. अर्धा तास बसवून गाणी घेतली की विसाव्या मिनिटाला कुणीतरी कुणाला ढकलणार, हे ठरलेलं. रांगा जमतील तेवढ्या मोडा. एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतची मधली रिकामी पाच मिनिटं सगळ्यात धोक्याची असतात. ताटं मांडायच्या आधी मुलांना बसवू नका; ताटं मांडून, वाढून, मग बोलवा.

पाऊस. हे वेगळं लिहायलाच हवं, कारण खानापूरच्या बाजूला जुलै-ऑगस्टात आठवडेच्या आठवडे मुलं बाहेर पडत नाहीत. ओट्यावर पाणी, दारात चिखल, खोलीत ओल्या कपड्यांचा वास, आणि तीस पोरं आत. या दिवसांत मारामाऱ्या वाढतात आणि बाया म्हणतात, पोरं बिघडली. पोरं बिघडली नाहीत, त्यांच्या अंगातली रग जायला जागा उरली नाही. जेवणाआधी रोज दहा मिनिटं जड काम द्या: गुंडाळलेली सतरंजी ढकलत नेणं, पाण्यानं अर्ध्या भरलेल्या बाटल्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेणं, बेडकासारख्या उड्या, कणकेचा गोळा दाबून मळणं. बाटल्यांची झाकणं घट्ट लावा. मी एकदा लावली नव्हती, आणि उरलेला दिवस फरशी पुसण्यात गेला.

सावध: ओल्या फरशीवर पळापळीचा खेळ घेऊ नका. पाय पुसायला दारात पोतं टाका आणि ते दुपारी बदला.

तपासणी. टप्पा २ झाल्यावर आणखी एक आठवडा वही चालू ठेवा. नोंदी निम्म्यावर आल्या तर पुढचं सोपं आहे. अजिबात हलल्या नाहीत तर कारण खोलीत नाही, टप्पा ३ जास्त नेटानं करा.

टप्पा ३: सहा शब्द, मुलाच्या घरच्या भाषेत

आपल्या भागातलं हे खास दुखणं आहे आणि त्याकडे बघायला कुणी तयार नसतं. मूल घरी मराठी बोलतं, अंगणवाडीत टीचर कन्नड बोलतात. किंवा उलट: घरी कन्नड, खासगी पाळणाघरात सगळा कारभार मराठीत. शेजारचं मूल उर्दू बोलतं. अडीच वर्षांच्या पोराला मुळात मोजकेच शब्द येतात, आणि दारातून आत आल्याबरोबर त्यातले निम्मे निकामी होतात. "माझं आहे, घेऊ नको" हे सांगता आलं नाही की हात चालतो, नाहीतर दात.

सीमेचा वाद मोठ्यांनी जेव्हा सोडवायचा तेव्हा सोडवावा. तोवर पोराला पाणी मागता आलं पाहिजे.

करायचं असं:

१. पहिल्याच दिवशी पालकांना विचारा, घरी मूल पाणी, शू, नको, दे, दुखतंय हे कसं म्हणतं. पुस्तकातला शब्द नको, त्या मुलाचा शब्द हवा. एक मुलगी पाण्याला "मम" म्हणायची. तीन दिवस आम्ही तिला भात देत होतो आणि ती ताट भिरकावत होती.

२. सहा शब्द ठरवा आणि टीचर, मदतनीस दोघींनी तीनही भाषांत पाठ करा. मराठीत दे, नको, पुरे, पाणी, माझं, ये. कन्नडमध्ये कोडु, बेडा, साकु, नीरु, नंदु, बा. आपल्याकडच्या उर्दूत "नक्को" आहेच, म्हणजे तो एक शब्द फुकटात मिळाला.

३. प्रत्येक शब्दाला एक खूण जोडा. "नको"ला तळहात पुढे, "दे"ला हात पसरून, "पुरे"ला दोन्ही हात झटकून. दोन वर्षांखालच्या मुलाला शब्दाआधी खूण जमते.

४. हे मूल शांत असताना, खेळात शिकवा. बाहुलीकडून खेळणं ओढून घ्या आणि बाहुलीला "नको" म्हणायला लावा. दिवसाला दोन-तीन मिनिटं पुरतात.

५. खूण केली की लगेच मान द्या. मुलानं तळहात पुढे केला आणि तरी दुसऱ्यानं खेळणं नेलं, तर मूल एवढंच शिकतं की खुणेनं काही होत नाही, दातानं होतं.

सावध: रडण्याच्या भरात "आधी नीट बोल, मग देते" म्हणू नका. त्या वेळी मोठ्या माणसालाही परकी भाषा सुचत नाही. आणि मूल घरची भाषा बोललं म्हणून हसू नका, दुसऱ्यांना हसू देऊ नका.

मागाच्या घरातल्या मुलांबद्दल एक गोष्ट. शहापूर-वडगाव-खासबाग भागात घरातच माग धडधडत असतो, त्यामुळे तिथली काही मुलं मोठ्यानं ओरडूनच बोलतात. ते भांडण नसतं. माझी पहिली मदतनीस अशा मुलाला दिवसभर "ओरडू नको" म्हणायची आणि पोरगं बिचारं गोंधळून आणखी मोठ्यानं विचारायचं, "काय?" जवळ जा, खांद्याला हात लावा, हळू बोला. काही दिवसांत आवाज उतरतो. उतरला नाही तर कान तपासून घ्या.

टप्पा ४: मोठ्यांनी आधी आपसात ठरवा

टीचर एक करते, मदतनीस दुसरं, आणि दुपारी सुपरवायझर मॅडम आल्या की तिसरंच. मुलाला यात फक्त एवढं कळतं की कुणाकडे गेलं तर काय मिळतं.

एका दुपारी मुलं गेल्यावर अर्धा तास बसा. तीनच नियम ठरवा, आणि काय करायचं त्या शब्दांत ठरवा: "हात आपल्याजवळ", "आत चालत", "खेळणं हातात". "मारू नको, पळू नको, फेकू नको" म्हटलं की लहान मुलाच्या कानात मारू, पळू, फेकू एवढंच राहतं. मग कामं वाटा: मारामारी झाली की कोण कुणाकडे जाणार. हे आधी ठरलं नसेल तर दोघी एकाच मुलाकडे धावतात आणि उरलेली सत्तावीस मोकळी.

याच बैठकीत काय करायचं नाही तेही ठरवा. पोलीस येईल, गुम्म (बागुलबुवा) नेईल, डॉक्टर सुई टोचतील, ही भीती आपल्याकडे सर्रास घातली जाते. मग लसीकरणाच्या दिवशी तेच मूल दार धरून किंचाळतं आणि नर्सबाई आपल्यालाच बोलतात. भीती घालून गप्प झालेलं मूल शांत झालेलं नसतं.

सावध: चापट, चिमटा, अंधाऱ्या खोलीत कोंडणं, जेवण न देणं, तोंडाला मिरची लावणं, हात बांधणं यातलं काहीही नाही. "घरच्यांनीच सांगितलंय दोन द्या म्हणून" हे उत्तर चालत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली, मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेत काम करणाऱ्या व्यक्तीनं ताब्यातल्या मुलाला मारहाण किंवा छळ केला तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपला हात शिवशिवतोय असं वाटलं तर मदतनीसला "जरा बघ" म्हणून दोन मिनिटं बाहेर जा, तोंडावर पाणी मारा. मी अनेकदा गेले आहे.

टप्पा ५: प्रत्यक्ष घडतं तेव्हा

चावलं किंवा मारलं

१. दोघांच्या मधे या. ओरडू नका. चावलेला दात सुटत नसेल तर ओढू नका, कातडी फाटते. चावणाऱ्याचं डोकं हळूच पुढं, चावलेल्या जागेकडे दाबा, तोंड आपोआप उघडतं.

२. ज्याला लागलंय त्याच्याकडे पहिल्यांदा बघा. नव्वद टक्के ठिकाणी इथं चुकतं. सगळे चावणाऱ्याभोवती जमतात, तो मधोमध, लागलेलं पोर बाजूला रडतंय. पहिलं जवळ घेणं, पहिला शब्द, सगळं लागलेल्या मुलाला.

३. चावणाऱ्याला एकच वाक्य, त्याच्या उंचीला बसून, साध्या आवाजात: "चावलं की दुखतं. नको म्हणायचं." आणि नको-ची खूण. एवढंच. व्याख्यान नाही, "तुला कुणी चावलं तर?" असले प्रश्न नाहीत.

४. त्याला दोन-तीन मिनिटं आपल्याजवळ ठेवा. एकटं कोंडू नका, पण लगेच खेळणंही देऊ नका. ज्या गोष्टीसाठी चावला ती गोष्ट त्या क्षणी त्याला मिळता कामा नये. नळाची नोंद आठवा.

५. शांत झाल्यावर ओला फडका त्याच्या हाती देऊन लागलेल्या मुलापर्यंत न्या. नाही दिला तर नाही. "सॉरी म्हण" म्हणून मान धरून वाकवलेलं मूल फक्त सॉरी शब्द शिकतं. मी अशी मुलं पाहिली आहेत जी आधी सॉरी म्हणतात आणि मग मारतात.

लागलेल्या जागेचं: साबण आणि वाहतं पाणी, चार-पाच मिनिटं. सूज असेल तर थंड ओला फडका. हळद, चुना, पेस्ट काही लावू नका. कातडी फाटून रक्त आलं असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघायला लस-कार्ड बरोबर न्या.

चूक: "तूही चाव त्याला, म्हणजे कळेल." हा सल्ला अजून चालतो, आणि बहुतेकदा शिकलेली माणसंच देतात.

लोळण घेतली, भोकाड पसरलं

आधी ठरवा, सुरक्षित आहे का? डोकं फरशीवर आपटत असेल तर खाली उशी सरकवा. चूल, पायरी, दार जवळ असेल तर उचलून निवांत भागात ठेवा, उचलताना एकच शब्द बोला. बाकी मुलांना मदतनीस दुसऱ्या भागात नेईल. मुलांचा घोळका भोवती उभा राहिला की रडणं लांबतं.

मग जवळ बसा. समोर नको, बाजूला. आणि गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. आपल्याला वाटतं काहीतरी बोललं पाहिजे, आणि आपण बोलत राहतो: काय झालं, का रडालास, हे घे, ते घे, बघ चिमणी आली. त्या वेळी मुलाच्या डोक्यात शब्द शिरत नाहीत, फक्त आवाज शिरतो. दर अर्ध्या मिनिटानं "मी इथं हाय" एवढं म्हणा, पुरे. हुंदके लांब-लांब यायला लागले, मूल स्वतःहून तुमच्याकडे बघायला लागलं, की पाण्याचा पेला पुढे करा.

ज्यासाठी लोळण घेतली ते "नाही" असेल तर नाहीच. दहा मिनिटं रडू देऊन अकराव्या मिनिटाला दिलंत तर अकरा मिनिटं रडायचं असतं हे पक्कं शिकवलंत. त्यापेक्षा देण्यासारखी गोष्ट असेल तर रडण्याआधी, पहिल्याच मागण्याला द्या.

सावध, श्वास अडकणं: काही मुलं रडता-रडता श्वास सोडतात आणि परत घेत नाहीत, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्ध हरपते. बघणाऱ्याचा जीव जातो. बहुतेक वेळा मिनिटभराच्या आत मूल आपोआप श्वास घेतं. त्याला कुशीवर झोपवा, भोवतालचं टणक सामान सरकवा, वेळ बघा. गदागदा हलवू नका, तोंडात पाणी किंवा चमचा घालू नका, नाकाला कांदा-चप्पल लावू नका. पहिल्यांदाच झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला किंवा झटके आले तर १०८. अशा मुलांत काही वेळा रक्तात लोह कमी असतं आणि त्यावर औषध मिळतं, म्हणून "करतो नाटकं" म्हणून सोडू नका.

सकाळी आईला सोडत नाही

आई उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला, बस चुकली तर पगार कापतात. म्हणून ती पोराचं लक्ष चुकवून मागच्या दारानं जाते. दुसऱ्या दिवशी पोर दुप्पट चिकटतं, कारण आई केव्हाही गायब होते हे त्याला कळलेलं असतं. निरोप रोज तोच ठेवा: एक पापा, "जेवण झालं, झोप झाली की मी येणार", हात हलवायचा, जायचं. एक मिनिट. गेल्यावर परत डोकावायचं नाही. आईच्या ओढणीचा तुकडा किंवा तिचा रुमाल दप्तरात असला तर पहिले आठ-दहा दिवस फार उपयोग होतो.

दाराकडे पळत सुटणं

यावर शिकवणी नाही, कडी. मुलाच्या हाताला न पोहोचेल अशी, पण मोठ्या माणसाला एका हातानं उघडता येईल अशी. रस्ता, विहीर, ओढा जवळ असेल तर आजच्या आज.

टप्पा ६: शांत वेळी पाच मिनिटं

ज्या मुलाबद्दल वही चालू आहे त्याला रोज पाच मिनिटं एकट्याला द्या, काहीही खोडी नसताना. त्यानं जे खेळावं त्यात आपण बसायचं. या मुलाशी आपण दिवसभर फक्त तो चुकल्यावरच बोलत असतो, हे वहीतच दिसेल.

कौतुक करताना "शाब्बास, गुड बॉय" नको, काय केलं ते बोला: "रांगेत थांबलास", "मला दे म्हणालास, ओढलं नाहीस." आणि लगेच, त्याच मिनिटाला. घरी जाताना सांगितलेलं कौतुक तीन वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचत नाही.

टप्पा ७: दारात घरच्यांशी बोलणं

सगळ्या आया दारात उभ्या असताना "तुमच्या पोरानं आज दोघांना चावलं" हे वाक्य म्हणजे घरी गेल्यावर पोराला मार. मोठ्या भावंडाच्या हाती निरोपही पाठवू नका. जिच्या मुलाला लागलं तिला लागल्याचं आणि आपण काय केलं ते सांगा; चावणाऱ्याचं नाव सांगू नका. तसंही गावात संध्याकाळपर्यंत कळतंच, पण आपल्या तोंडून नको.

चावणाऱ्याच्या घरच्यांना बाजूला घ्या, आधी बरं सांगा, मग विचारा. आमच्याकडचं एक बोलणं:

"आज्जी, आज भात-सांबार सगळं संपवलं बरं का. एक विचारायचं होतं, रात्री किती वाजता झोपतंय?"

"कुठलं झोपतंय बाई, अकरा वाजले की. बाप येतोय दहाला, आणि मग मोबाईल हातात."

"सकाळी उठतंय कधी?"

"सहालाच उठवावं लागतंय. सूनबाई कामावर जाती नव्हं."

सात तास झोप, आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास लागते. मोबाईलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढं बरं. पण आज्जीला हे आकडे ऐकवून काही होत नाही. आम्ही एवढंच मागितलं: नऊला दिवा मालवा, बापानं आल्यावर उठवू नये. आणि इकडे दुपारची झोप लांबवली. घरच्यांकडे एका वेळी एकच गोष्ट मागा.

टप्पा ८: कधी पुढे पाठवायचं

चार ते सहा आठवडे सगळे टप्पे नीट करूनही वही हलली नाही, तर मुलाला दाखवा. यातलं काही दिसलं तर तेवढेही थांबू नका:

- नाव हाकारल्यावर वळून बघत नाही, नजर देत नाही
- दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही (कुठल्याही भाषेत; घरची भाषा धरून मोजा)
- आधी येत असलेले शब्द किंवा खेळ गेले
- स्वतःला इजा होईल इतकं डोकं आपटतं, चावतं
- शांत असलेलं मूल अचानक बदललं, कपडे काढायला किंवा ठरावीक माणसाजवळ जायला घाबरतं

शेवटच्या बाबतीत घरच्यांशी चर्चा करत बसू नका. सुपरवायझरना कळवा आणि १०९८ वर फोन करा.

बाकीच्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. खासगी पाळणाघरातल्या मुलांना जवळच्या आरोग्य केंद्रातून पुढे पाठवून घेता येतं. पथक नुकतंच येऊन गेलं असेल तर पुढच्या फेरीची वाट बघू नका, आशाताईला सांगून आरोग्य केंद्रात न्या. "भाषा दोन आहेत म्हणून उशिरा बोलतंय" असं कुणी म्हणालं तरी न्या. दोन भाषांमुळे मूल थोडं घोळ घालतं, मुकं राहत नाही.

जाताना पालकांबरोबर वहीच्या पानांची झेरॉक्स द्या. तपासणीच्या खोलीत दहा मिनिटं मूल गपगार बसतं, डॉक्टरांना काहीच दिसत नाही, आणि आई म्हणते, घरी असं करतच नाही. मूळ वही मात्र आपल्याकडेच ठेवा. जूनमध्ये तुमची बदली झाली तर नव्या बाईला ती पहिल्याच दिवशी लागणार आहे.